विश्लेषण : ‘मोबाइल शाप की वरदान’वर आणखी किती वर्षे वाद? हंगामभराचा वादविवाद विषय कसा ठरवावा?

पावसाळ्याबरोबर महाविद्यालयांत युवा महोत्सवाची लगबग सुरू होते आणि डिसेंबर-जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम रंगतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातून लोकलने कल्याण, ठाणे, मुंबई गाठून वादविवादात बोलणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. मात्र प्रत्येक स्पर्धेचा विषय वेगळा, तो ठरवणारे वेगळे आणि तो कसा ठरला हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. जगात काही ठिकाणी वर्षभरासाठी एकच विषय ठरतो आणि तो ठरवण्याचीही रीतसर पद्धत असते. ही पद्धत काय आहे, ती आपल्याकडे चालेल का आणि या तीन शहरांतले कोणते प्रश्न त्यात टिकतील, याविषयी.

विषय आणि ठराव यांत फरक काय?

वक्तृत्व स्पर्धेला विषय लागतो, वादविवादाला ठराव लागतो. ‘पाणी’ हा विषय झाला. ‘नगरपालिकांनी प्रत्येक नळजोडणीला मीटर सक्तीचा करावा’ हा ठराव झाला. ठरावात कोणी, काय करावे हे स्पष्ट असते. त्यामुळे एका संघाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणे भाग पडते.

‘मोबाइल : शाप की वरदान’, ‘विज्ञान : तारक की मारक’ हे वर्षानुवर्षे चालत आलेले विषय इथेच फसतात. यांत कृती नाही, निर्णय नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे वक्ते शेवटी ‘वस्तू वाईट नसते, वापर वाईट असतो’ या एकाच वाक्यावर येऊन थांबतात. मग परीक्षकांनाही युक्तिवादापेक्षा आवाज, हावभाव आणि पाठांतर यांवरच गुण द्यावे लागतात.

सध्या विषय कधी हाती येतो?

याच्या तीन पद्धती दिसतात. पहिली, आयोजक काही दिवस आधी पत्रकात विषय छापतात. दुसरी युवा महोत्सवाची. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवांच्या नियमांनुसार वादविवादाचा विषय २४ तास आधी जाहीर होतो. प्रत्येक संघातून दोघे बोलतात, एक बाजूने आणि एक विरोधात, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मिनिटे मिळतात. तिसरी पद्धत संसदीय वादविवादाची. २०१४ मध्ये चेन्नईत झालेली जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा याच प्रकारातली. तिथे ठराव जाहीर झाल्यावर तयारीला फक्त १५ मिनिटे मिळतात.

कमी वेळाच्या पद्धतीत हजरजबाबीपणाचा कस लागतो. पण त्यात एक अडचण लपलेली आहे. ज्याच्या घरी दोन वर्तमानपत्रे येतात, ज्याचे इंग्रजी वाचन आधीपासून आहे, ज्याच्या महाविद्यालयात वादविवाद मंडळ आणि माजी विद्यार्थ्यांचा गट आहे, त्याच्याकडे १५ मिनिटांत काढायला साठा असतो. बदलापूरहून सकाळची गर्दीची लोकल पकडून स्पर्धेला निघालेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे ‘२४ तास’ म्हणजे रात्री मोबाइलवर केलेला शोध आणि गाडीत उभ्याने केलेली उजळणी.

हंगामभर एकच विषय कुठे असतो?

अमेरिकेतील शालेय ‘पॉलिसी डिबेट’मध्ये. तिथल्या राज्य शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीनुसार विषय सुचवणारा आधी एक सविस्तर टिपण लिहितो. त्यात प्रश्नाची पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, उपलब्ध साहित्य आणि ठरावाचे संभाव्य शब्द असतात. उन्हाळ्यातील बैठकीत राज्यांचे प्रतिनिधी ही टिपणे ऐकून पाच विषयांची यादी काढतात. त्यावर मतदान होऊन दोन विषय उरतात, दुसऱ्या फेरीत एक ठरतो आणि तो पुढील पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी देशभर लागू होतो.

अलीकडची उदाहरणे पाहा. २०२३-२४ मध्ये आर्थिक विषमता कमी करण्याचे उपाय, २०२४-२५ मध्ये बौद्धिक संपदा हक्कांचे संरक्षण, २०२५-२६ मध्ये आर्क्टिक प्रदेशाचा शोध आणि विकास. त्याच देशात ‘लिंकन-डग्लस’ प्रकारात विषय दर दोन महिन्यांनी बदलतो. म्हणजे एकच विषय किती काळ चालवायचा, हाही निवडीचाच भाग आहे.

दीर्घकाळ चालणारा वाद मराठी मुलखाला नवा नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात आठवड्यांमागून आठवडे जाहीर वाद झाले. ‘आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा’ हा टिळक-आगरकरांचा वाद तर कित्येक वर्षे चालला. तो आजही आठवतो, कारण दोन्ही बाजूंना बुद्धिमान माणसाने ठामपणे उभे राहावे अशी जागा त्या प्रश्नात होती.

एकाच विषयाचा फायदा कोणाला?

याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. समर्थकांच्या मते सहा महिने एकच विषय असेल तर लहान महाविद्यालयातील दोन विद्यार्थीही ग्रंथालयात बसून, माहिती अधिकारात अर्ज करून, पालिकेचा अर्थसंकल्प वाचून मोठ्या संघाच्या बरोबरीला येऊ शकतात. चुकलेला युक्तिवाद पुढच्या स्पर्धेत दुरुस्त करता येतो. आज बाजूने आणि उद्या विरोधात बोलावे लागल्याने मतही तपासले जाते.

विरोधकांच्या मते मोठे महाविद्यालय दहा जणांना कामाला लावून पुराव्यांचा ढीग तयार करेल आणि लहान संघ मागेच राहील. शिवाय सहा महिन्यांत विषयाचा कंटाळाही येतो. यावर उपाय आहे. स्पर्धेत वापरायचे मूलभूत साहित्य सर्वांना एकाच वेळी, मोफत आणि मराठीतून द्यायचे. मग तयारीतली तफावत संपत नाही, पण कमी नक्की होते.

चांगल्या ठरावाच्या कसोट्या कोणत्या?

पहिली कसोटी समतोलाची. दोन्ही बाजूंना किमान तीन भक्कम मुद्दे मिळतात का? ‘बालविवाह बंद व्हावेत’ हा ठराव योग्य आहे, म्हणूनच तो वादाला निरुपयोगी आहे.

दुसरी साहित्याची. शासन निर्णय, न्यायालयाचे आदेश, अहवाल, बातम्या हे मराठीत किंवा सोप्या हिंदी-इंग्रजीत मिळतात का? उल्हासनगरच्या वर्गात सिंधी आणि हिंदी, अंबरनाथच्या कारखान्यांच्या वसाहतींत अनेक भाषा, बदलापुरात प्रामुख्याने मराठी असे चित्र असताना ही कसोटी महत्त्वाची ठरते.

तिसरी टिकाऊपणाची. हंगामाच्या मध्येच एखाद्या सरकारी निर्णयाने ठराव निकालात निघणार नाही ना?

चौथी शब्दांची. ‘सर्व’, ‘त्वरित’, ‘पूर्णपणे’ असे शब्द एका बाजूवर अशक्य ओझे टाकतात. ‘योग्य’, ‘आवश्यक तेथे’ अशा शब्दांतून उलट पळवाट मिळते.

पाचवी कसोटी माणसांची. हा ठराव मांडताना समोर बसलेल्या कोणाला स्वतःच्या दुःखाचा बचाव करत बसावे लागेल का?

तीन शहरांतले प्रश्न या कसोट्यांवर टिकतात का?

चार उदाहरणे घेऊ.

१) एसी लोकल. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी दहा वाढीव एसी फेऱ्या सुरू केल्या. कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलन केले आणि आठवडाभरात त्या फेऱ्या मागे घेण्यात आल्या. ‘या दहा फेऱ्या रद्द कराव्यात’ असा ठराव तेव्हा हंगामासाठी घेतला असता तर तो पहिल्या फेरीआधीच संपला असता. प्रश्न मात्र संपला नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले आणि बंद दरवाजांची चर्चा पुन्हा सुरू झाली. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात २३८ एसी लोकल गाड्या घेण्याचे नियोजन आहे. म्हणून ठराव असा हवा : ‘उपनगरी मार्गावर यापुढे फक्त एसी लोकल गाड्याच खरेदी कराव्यात.’ बाजूने सुरक्षितता, विरोधात भाडे, गर्दी आणि गाडी थांबण्याचा वेळ. या पट्ट्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे याविषयीचा अनुभव आहे. धोका एकच, तो म्हणजे अनुभवालाच पुरावा समजण्याचा.

२) अनधिकृत इमारती. निर्वासित छावणीतून घडलेल्या उल्हासनगरची पायाभरणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी झाली. पुढे दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या बांधकामांसाठी २००६ मध्ये राज्याने खास या शहरापुरता नियमितीकरणाचा कायदा केला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. ‘दंड आकारून अनधिकृत निवासी इमारती नियमित कराव्यात’ हा ठराव दोन्ही बाजूंना भरपूर देतो. डोक्यावरचे छप्पर, बँकेचे कर्ज आणि पुनर्विकास एकीकडे. कायदा पाळणाऱ्यावरचा अन्याय, सांडपाणी-रस्त्यांवरचा ताण आणि इमारतीची मजबुती दुसरीकडे. ‘उल्हासनगरमधील’ हा शब्द काढून ‘राज्यातील शहरांमधील’ असे म्हटले तर अंबरनाथ-बदलापूरचे संघही बरोबरीने उतरू शकतात. वर्गात अशाच इमारतीत राहणारे विद्यार्थी असणार, याचे भान मात्र ठेवावे लागेल.

३) वालधुनी. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. २०१४ च्या अखेरीस तिच्यात घातक रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरमध्ये शेकडो नागरिकांना त्रास झाला. जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली, तेव्हा रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. ‘वालधुनी स्वच्छ व्हावी’ हा ठराव एकतर्फी आहे, त्याला विरोध कोण करणार? ‘नदीकाठचे कापड रंगाई आणि धुलाई उद्योग शहराबाहेर हलवावेत’ असे म्हटले की खरा वाद सुरू होतो. हलवायचे कुठे? कामगार तिथे जाणार कसे? प्रदूषण थांबेल की फक्त दुसऱ्या गावाच्या ओढ्यात जाईल? सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हा पर्याय विरोधी बाजूला मिळतो.

४) एकच महापालिका. अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महापालिकेत होती, नव्वदच्या दशकात ती वेगळी होऊन पुन्हा नगरपालिका झाल्या. ‘अंबरनाथ आणि बदलापूर मिळून एक महापालिका करावी’ हा ठराव शांत वाटतो, पण त्यात कर, पाणी, निधी आणि स्थानिक ओळख असे सगळे येते. पालिकांचे अर्थसंकल्प सार्वजनिक असल्याने साहित्यही मिळते. कोणाच्या जखमेला धक्का लागत नाही. उणीव इतकीच, की शासनाची एक अधिसूचना निघाली की हा ठराव निकालात निघतो.

म्हणजे चारही प्रश्न चालण्यासारखे आहेत, पण चारहींचे पहिले सुचणारे शब्द चालण्यासारखे नाहीत. निवडीतले निम्मे काम शब्द बदलण्याचे आहे.

बदलापूरच्या २०२४ च्या घटनेवर वाद लावावा का?

विषय निवडणाऱ्या कोणत्याही समितीपुढे इथे हा प्रश्न येणारच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि लोकल वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. २३ सप्टेंबरला पोलिस कोठडीतील आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ‘झटपट न्याय’ हा त्यानंतरच्या काळात कट्ट्यावर आणि घराघरांत बोलला गेलेला विषय आहे.

तो स्पर्धेत आणावा असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा कमकुवत नाही. शहर ज्या प्रश्नाने ढवळून निघाले, त्यावर विद्यार्थ्यांनी गप्प बसायचे आणि आर्क्टिकवर बोलायचे, हे शिक्षण कसले? कायदेशीर प्रक्रिया का हवी, हे शिकण्याची याहून नेमकी संधी कोणती?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. हंगामी विषय म्हणजे एकच गोष्ट वीस-तीस वेळा, नाणेफेकीने मिळालेल्या बाजूने, गुणांसाठी बोलायची. पीडित कुटुंबे याच शहरात राहतात. सभागृहात त्यांचे शेजारी, नातलग असू शकतात. टाळ्या घेण्यासाठी तपशील वापरला जाणे टाळता येत नाही. आणि एखाद्या विद्यार्थिनीला स्वतः असा अनुभव आलेला असेल, तर ‘तुला विरोधी बाजू आली आहे’ हे वाक्य तिच्यासाठी खेळाचा भाग राहत नाही.

अवघड विषयाला घाबरून त्यावर बंदी घालणे हाही मार्ग नव्हे. अमेरिकेत १९५४-५५ चा महाविद्यालयीन ठराव होता, ‘कम्युनिस्ट चीनच्या सरकारला राजनैतिक मान्यता द्यावी.’ वेस्ट पॉइंटची लष्करी आणि अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी यांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यावर बोलू दिले नाही. दुसऱ्याची बाजू मांडली म्हणजे ती पटली, असा अर्थ लावला की वादविवादच संपतो. तिथे मात्र सत्तेला विषय अडचणीचा वाटत होता. इथे प्रश्न लहान मुलींच्या खासगीपणाचा आहे. दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

यातून एक व्यवहार्य रेषा काढता येते. विशिष्ट घटना आणि माणसे ठरावात नकोत, धोरण असावे. न्यायप्रविष्ट प्रकरण नको. अशा विषयावर गुणांची स्पर्धा न ठेवता, आधी कळवून, सहभाग ऐच्छिक ठेवून एकदाच खुली चर्चा घ्यावी आणि तिथे कायद्याचे जाणकार आणि समुपदेशक बसवावेत. असा विषय शहराने बोलायलाच हवा, पण त्याच्यावर करंडक ठेवू नये.

ठराव एकतर्फी निघाला हे कसे ओळखायचे?

मोजून. समजा एका ठरावावर हंगामात ४० फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी बाजू नाणेफेकीने ठरली. ठराव समतोल असेल तर ‘बाजूने’ बोलणारा संघ साधारण २० वेळा जिंकावा. अगदी २० येणार नाही. समतोल नाणे ४० वेळा उडवले तर शंभरातल्या ९५ वेळा छाप्यांची संख्या १४ ते २६ च्या दरम्यान येते. म्हणून २३ विजय दिसले तर काळजीचे कारण नाही. २९ किंवा ११ दिसले तर मात्र ठरावाच्या शब्दांकडे पुन्हा पाहावे लागेल.

हे मोजायला ना सॉफ्टवेअर लागते ना खर्च. प्रत्येक आयोजकाने निकालपत्रात कोण जिंकले याबरोबर ‘कोणती बाजू जिंकली’ हा एक रकाना वाढवला तरी पुरे. हंगामाआधी चार-पाच सराव फेऱ्या घेतल्या, तर ढोबळ चुका तिथेच उघड्या पडतात.

या पट्ट्यात हे कसे सुरू करता येईल?

उल्हासनगरची चांदीबाई (सीएचएम) आणि आर. के. तलरेजा, बदलापूरचे आदर्श, तसेच अंबरनाथमधील महाविद्यालये एकाच मार्गावर, काही स्थानकांच्या अंतरात आहेत. त्यांनी मिळून एक हंगाम चालवायचा म्हटले तर वेळापत्रक असे बसू शकते.

एप्रिल-मे : विद्यार्थी, प्राध्यापक, वाचनालये यांच्याकडून दोन पानी टिपणे मागवणे. टिपणात दोन्ही बाजूंचे तीन-तीन मुद्दे, साहित्याची यादी आणि ‘हा विषय कोणाला दुखावू शकतो’ याचे उत्तर सक्तीचे.

जून : पाच कसोट्यांवर चाळणी करून चार ठराव निवडणे आणि त्यावर सराव फेऱ्या.

जुलै : मतदान. मोठ्या महाविद्यालयाच्या पटसंख्येने निकाल ठरू नये म्हणून एका महाविद्यालयाला एकच मत. प्रत्येकाने चारही ठरावांना पसंतीक्रम द्यायचा, ज्याच्या क्रमांकांची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. यामुळे निम्म्यांचा लाडका आणि निम्म्यांचा नावडता विषय मागे पडतो, बहुतेकांना चालणारा पुढे येतो.

ऑगस्ट : अंतिम शब्द, व्याख्या आणि मराठी-हिंदीतील साहित्यसंच एकाच दिवशी सर्वांना.

सप्टेंबर ते जानेवारी : फेऱ्या. युवा महोत्सवाच्या २४ तासांच्या स्पर्धा नेहमीप्रमाणे सुरूच राहतील. दोन्ही प्रकार वेगवेगळी कौशल्ये शिकवतात.

आयोजकांना यात वाढीव काम आहे, हे खरे. पण विषय जाहीर करणारा कागद फलकावर लागतो, त्याच क्षणी कोण वाचणार, काय वाचणार आणि कोणाला बोलताच येणार नाही हे बरेचसे ठरून गेलेले असते. तो कागद कोणी, कसा लिहिला, हे विचारण्याचा हक्क बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना असायला हवा. त्यासाठी पुढच्या एप्रिलमध्ये एखाद्या महाविद्यालयाने दोन पानी टिपणे मागवली, तरी सुरुवात होईल.